घरात सगळे शाकाहारी आणि मुलगी व्हीगन झालीये, तर नेमकं काय बदलतं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बंगळुरूला नोकरी करणारी मुलगी सुट्टीला घरी आली आणि म्हणाली मी आता व्हीगन आहे, दूध-दही-तूप काही वाढू नका, त्यावर सासूबाई म्हणाल्या आपण तर पिढ्यान् पिढ्या शाकाहारी, आता आणखी काय सोडायचं राहिलं, आणि तुम्हाला फरक काय, तब्येतीला चालेल का आणि दिवाळीचा फराळ कसा करायचा हे तिन्ही हवंय. मी बरीच वर्षं पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हल्ली असे आई-मुलगी जोडीने येणारे पेशंट बरेच असतात, तेव्हा जरा ऐसपैस लिहिते.

शाकाहारी माणूस बघतो की ताटात मांस, मासे, अंडं आहे का. व्हीगन माणूस बघतो की ही वस्तू तयार करायला जनावर वापरलंय का. बस, एवढाच फरक, पण त्यातून निघणारी यादी एकदम वेगळी होते. दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, चीज, खवा, मध हे सगळं शाकाहाऱ्याला चालतं आणि व्हीगनला नाही. आपल्या पूजेतलं पंचामृत घ्या, दूध, दही, तूप, मध आणि साखर, पाचातल्या चार गोष्टी बाद! त्यामुळे सासूबाईंना धक्का बसला तर मला त्यात नवल वाटत नाही, कारण आपल्याकडे शाकाहार आणि दूधदुभतं वेगळं काढताच येत नाही. माळकरी माणूस मांसमच्छी शिवणार नाही पण काल्याला दही हवंच. जैन घरात कांदा-लसूण-बटाटा नसेल, पण दूध असतं. त्यात आपल्याकडे सोमवार-गुरुवार शाकाहारी, श्रावणात शाकाहारी असाही प्रकार आहे, व्हीगनमधे असा वार नसतो.

आणि ही गोष्ट ताटापाशी संपत नाही. चामड्याची चप्पल (हो, कोल्हापुरी पण), रेशीम म्हणजे पैठणी, लोकर, मोती, प्राण्यांवर चाचणी केलेलं कॉस्मेटिक, हे पण ती टाळणार. शाकाहारात हा विचार सहसा येत नाही, भजनात पखवाज वाजतो त्याला चामडं असतं आणि त्याने कुणाचा शाकाहार मोडत नाही. मुलगी कुठपर्यंत जाते ते तिचं तिला ठरवू द्या. घरात आधीपासून असलेल्या आईच्या पैठण्या फेकून देणारी व्हीगन मी अजून पाहिली नाही, बहुतेक जण आहे ते वापरतात, नवीन घेत नाहीत.

बरं हे फॅड कालपरवाचं आहे का तर तसंही नाही. इंग्लंडमधे व्हेजिटेरियन सोसायटी १८४७ ची, आणि तिच्यातल्याच दूध न घेणाऱ्या लोकांनी १९४४ मधे बाहेर पडून व्हीगन सोसायटी काढली, डोनाल्ड वॉटसन हा त्यातला मुख्य माणूस. आपल्याकडे तर त्याच्याही आधी गांधीजींनी १९१२ मधे दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं होतं, गाई-म्हशींवर जे प्रकार होतात ते वाचून. मग इथे आल्यावर मोठं आजारपण आलं, अंगात ताकदच राहिली नाही, तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं की तुमचं व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं, शेळीचं घ्या की. त्यांनी घेतलं आणि आयुष्यभर त्याची टोचणी बाळगली. हे सासूबाईंना सांगून बघा, मुलीचं ऐकायला जरा सोपं जाईल.

मुलगी दूध का सोडते, दूध काढताना गाईला कुठे मारतात, हा प्रश्न मला प्रत्येक आजी विचारते. बरोबर आहे, दूध काढताना मारत नाहीत. पण गाय-म्हैस दूध देते ती व्यायल्यावरच, आणि व्यायली की निम्म्या वेळा गोऱ्हा किंवा नर रेडकू होतं. पूर्वी गोऱ्हा शेतीला लागायचा, आता ट्रॅक्टर आलाय. आईचं दूध पाजून त्याला वाढवणं गोठेवाल्याला परवडत नाही. पुढे गाय-म्हैस भाकड झाली की तिचाही तोच प्रश्न. महाराष्ट्रात गोहत्येवर आधीपासून बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले, पण म्हैस-रेडा त्यात नाही, आणि भारतातून जे मांस निर्यात होतं ते मुख्यतः म्हशीचं, आता ही जनावरं येतात कुठून, तर दुधाच्याच धंद्यातून येतात. म्हणजे दूध आणि मांस हे दोन वेगळे धंदे आहेत असं आपण धरून चालतो ते तितकंसं खरं नाही, आणि व्हीगन लोकांचा हा मुद्दा मला स्वतःला पटतो. दुसरी बाजूही आहे, कोरडवाहू गावात दोन म्हशींच्या दुधावर घरचा आठवड्याचा बाजार चालतो, भारत १९९८ च्या आसपासपासून जगात दूध उत्पादनात पहिला आहे आणि त्यातलं बरंचसं दूध अशाच छोट्या घरांतून येतं, त्यामुळे शहरात बसून या बायकांना क्रूर म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. मी स्वतः चहात दूध घेते, हे पण सांगून ठेवते, म्हणजे मी कुणाची प्रचारक आहे असं वाटायला नको.

आता माझ्या विषयाकडे येते, तब्येत.

सगळ्यात आधी आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बी-१२. हे जीवनसत्त्व बॅक्टेरिया बनवतात आणि आपल्यापर्यंत ते मांस, मासे, अंडी, दूध यातूनच येतं, भाज्या-डाळी-धान्यात भरवशाचं असं काहीच नसतं. पण गंमत अशी की मुलगी व्हीगन झाली म्हणून तिचं बी-१२ तपासायला येणाऱ्या आईचंच बहुतेक वेळा कमी निघतं. कारण एक मोठा कप, म्हणजे पाव लिटर दुधात जेमतेम १ मायक्रोग्रॅम बी-१२ असतं, आणि आपल्याकडे "दूध घेतो" म्हणजे काय तर दोन वेळचा चहा आणि जेवणात पाणीदार ताक. पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलमधे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमधल्या गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय, त्यात निम्म्याहून जास्त आयांचं बी-१२ कमी निघालं होतं, आणि ज्या आयांचं बी-१२ कमी पण फोलेट (म्हणजे फॉलिक अॅसिड) भरपूर होतं त्यांच्या मुलांमधे पुढे इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही ती अवस्था, जास्त दिसला. या व्हीगन बायका नव्हत्या, आपल्यासारखंच जेवणाऱ्या होत्या. त्यामुळे "आम्ही दूध पितो, आम्हाला काय होतंय" हे घरातल्या शाकाहारी मंडळींनी आधी डोक्यातून काढा.

लक्षणं हळूहळू येतात. हातापायाला मुंग्या, तोंड सारखं येणं, जीभ लालभडक गुळगुळीत होणं, विसराळूपणा, चिडचिड, थोडं चाललं की दम, आणि एक खूण जी लोकांच्या लक्षातच येत नाही ती म्हणजे बोटांच्या पेरांवर काळपटपणा. लोक त्याला लिंबू घासत बसतात. फॉलिक अॅसिडच्या गोळ्या किंवा पालेभाज्या भरपूर असतील तर हिमोग्लोबिन ठीक दिसू शकतं आणि आतून नसांचं नुकसान चालूच राहतं, म्हणून नुसतं हिमोग्लोबिन बघून समाधान मानू नका. घरात कुणी डायबेटिसची मेटफॉर्मिन किंवा अॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेत असेल तर त्यांचं बी-१२ आणखी खाली जातं, सासूबाईंचं पण एकदा तपासा.

मुलीने काय घ्यायचं? रोजची कमी डोसची गोळी किंवा आठवड्याची मोठ्या डोसची, दोन्ही चालतं. व्हीगन सोसायटी रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्याला २००० मायक्रोग्रॅम सांगते. हे आकडे जुळत नाहीत असं वाटेल, पण आपलं आतडं एका वेळेला दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट शोषतं, त्याच्या वरचं जेमतेम एक टक्का आत जातं, म्हणून आठवड्यातून एकदाच घ्यायचं तर डोस एवढा मोठा लागतो. आधीच कमतरता असेल तर ही मात्रा पुरत नाही, तेव्हा इंजेक्शन की गोळ्या ते डॉक्टर ठरवतील. आणि तपासणी गोळी सुरू करायच्या आधी करा, नंतर केली तर आकडा छान दिसतो आणि खरी परिस्थिती कळत नाही. बी-१२ चा रिपोर्ट २०० ते ३०० च्या मधे लटकत असेल तर होमोसिस्टीन ही रक्ताची तपासणी करून घेतलेली बरी, बी-१२ कमी पडत असेल तर ते वाढतं. आंबवलेली इडली, आंबील, स्पिरुलिना, समुद्री शेवाळ, न धुतलेल्या भाज्या, यातून बी-१२ मिळतं असं मोबाईलवर फिरत असतं, त्याच्या भरवशावर अजिबात राहू नका. स्पिरुलिनात जे असतं ते दिसायला बी-१२ सारखं आणि शरीराला निरुपयोगी.

कॅल्शियम. इथे मात्र दूध सोडल्याने खरंच खड्डा पडतो. गाईच्या १०० मिली दुधात साधारण १२० मिलिग्रॅम, आणि मोठ्या माणसाला दिवसाला १००० लागतं असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. पण आपलं जुनं जेवण इथे कामाला येतं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे दोन मध्यम भाकऱ्यांत जवळपास ३०० ते ३५०, तीळ सालासकट घेतले तर एका मोठ्या चमच्यात शंभरेक, शिवाय शेवग्याचा पाला, राजगिऱ्याचा पाला, कारळ्याची चटणी, कढीपत्ता नुसता फोडणीत नाही तर चटणी करून. पालक मोजू नका, त्यात कॅल्शियम असतं पण त्यातलंच ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य त्याला बांधून ठेवतं. नाचणीचं पण सगळंच्या सगळं अंगी लागत नाही, म्हणून पीठ आंबवून किंवा मोड काढून वापरलं तर चांगलं. गंमत म्हणजे पॉलिश केलेल्या पांढऱ्या तिळाची शहरी चिक्की आणि गावाकडची काळ्या तिळाची चटणी यात कॅल्शियमचा चांगलाच फरक असतो.

प्रोटीनचा बाऊ जास्त होतो. ६० किलोच्या बाईला रोज ५० ग्रॅम धरा. वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ ७-८ ग्रॅम, मूठभर शेंगदाणे ७, सोयाचंक्स ३० ग्रॅम घेतले तर १५, शिवाय भाकरी-पोळी आहेच. झुणका, पिठलं, डाळकांदा, वाटली डाळ, हे सगळं व्हीगनच आहे की! अडचण होते ती वरणाची, कारण आपलं गोडं वरण म्हणजे पुष्कळ पाणी आणि त्यात तरंगणारी डाळ. तूप बंद झाल्यावर वरण बेचव लागतं म्हणून मुली तेही खायचं सोडतात आणि मग भात-बटाटा-चिप्सवर येतात. चिप्स, इन्स्टंट नूडल्स, कोल्ड्रिंक, कितीतरी क्रीम बिस्किटं पण व्हीगन असतात बरं का, लेबल बरोबर असलं म्हणजे जेवण झालं असं नाही. माझ्याकडे येणाऱ्या व्हीगन मुलींचं वजन कमी होण्यापेक्षा वाढल्याचीच तक्रार जास्त असते.

लोहाबद्दल फार लिहीत नाही, कारण दुधात लोह जवळपास नसतंच, ते सोडून फरक पडत नाही. जेवणावर लिंबू पिळा आणि चहा जेवणाला चिकटून घेऊ नका, दोन्ही घराला लागू. ओमेगा-३ साठी जवसाची चटणी, रोज एक चमचा. आयोडीन मात्र विसरतात. दुधातून थोडंफार आयोडीन येतं, ते बंद झालं आणि त्यातच "हेल्दी" म्हणून साधं मीठ टाकून सैंधव सुरू केलं तर दोन्ही दारं बंद. आयोडीनयुक्त मीठच वापरा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर सोया आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवा, नाहीतर डोस वाढवला तरी रिपोर्ट हलत नाही आणि लोक गोळीलाच दोष देतात. व्हिटॅमिन डी बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनतं, आणि कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं (हे शाकाहारी लोकांनी पण ऐका, तुमच्या मऊ कॅप्सूलही त्यातच येतात). लायकेनपासून (बुरशी आणि शेवाळ मिळून वाढतात ते) केलेलं डी-३, नाहीतर डी-२ मिळतं, केमिस्टला तसं स्पष्ट विचारायचं.

वनस्पतींचं दूध हे गाईच्या दुधाच्या जागी बसतं असं समजू नका. बदामाच्या विकतच्या दुधात एका ग्लासला जेमतेम १ ग्रॅम प्रोटीन असतं, ते महाग पांढरं पाणीच म्हणायचं. सोयाचं त्यातल्या त्यात चांगलं, कारण प्रोटीन गाईच्या दुधाच्या जवळपास जातं, फक्त पाकिटावर कॅल्शियम आणि बी-१२ घातलंय का ते वाचा, घरी केलेल्यात ते नसतं. चहाला ओट्सचं बरं, सोयाचं उकळत्या आल्याच्या चहात फाटू शकतं. दह्यासाठी शेंगदाण्याच्या दुधात हिरव्या मिरचीचे देठ घालून विरजण लावतात, पहिलं थोडं विचित्र लागतं, दुसऱ्या-तिसऱ्या विरजणाला जमतं. कढी हवी तर सोलकढी करा, कोकम आणि नारळाचं दूध, कोकणात ती कधीपासूनच व्हीगन आहे आणि कुणाला कळलंही नाही!

पुढे मुलगी गरोदर राहिली किंवा बाळाला पाजत असेल तर मात्र आहार आणि गोळ्या यात एक दिवसही ढिलाई नको. आईचं बी-१२ कमी असेल तर दुधातून बाळाला मिळत नाही, बाळ सुस्त होतं, मान धरलेली सोडून देतं, काही बाळांना कंप सुटतो, असे पेशंट आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांना आजही दिसतात आणि त्यातल्या बऱ्याच आया नुसत्या शाकाहारी असतात. बाळाला स्वतःच्या आईचं दूध व्हीगन विचारातही चालतं, त्यात कुणावर जबरदस्ती नाही. पण एक वर्षाच्या आत बदामाचं-नारळाचं घरचं दूध हे अंगावरच्या दुधाच्या जागी कधीही देऊ नका.

बाहेर खाताना "प्युअर व्हेज" या पाटीचा काही उपयोग नाही, उलट तिथेच बटर आणि क्रीम सगळ्यात जास्त. पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि त्या नियमात दूध, मध, मेण, लाखेचं पॉलिश चालतं. व्हीगनसाठी एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा वेगळा लोगो आहे, हिरव्या चौकोनात इंग्रजी व्ही आणि त्यावर पान, २०२२ च्या नियमांनुसार तो लावायला आधी मंजुरी लागते. लोगो नसेल तर मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन हे शब्द बघा, हे सगळे दुधातलेच घटक, ब्रेड-बिस्किटात ते लपून बसलेले असतात. लाल रंगाच्या खाऊवर १२० नंबर असेल तर तो किड्यापासून काढलेला रंग, तो शाकाहारी पण नाही. मिठाईवरच्या चांदीच्या वर्खाची जुनी भीती होती (जनावराच्या आतड्यात ठेवून कुटायचे), पण २०१६ मधे त्यासाठी प्राणिजन्य काहीही वापरायला बंदी आली. गाडीवरचा वडापाव सहसा चालतो, पाव बटरवर भाजू नका म्हणायचं. मिसळ चालते, वरचं दही नको.

तपासण्या म्हणाल तर आत्ता एकदा बी-१२, डी, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), मग सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षाला एकदा. दूध पचत नाही, पिंपल्स येतात म्हणून सोडलंय की जनावरांसाठी सोडलंय हे पण तिला सरळ विचारा, कारण पहिल्या कारणवालीला कधीमधी तुपाचा थेंब चालून जातो, दुसरीला तुम्ही "थोडंसंच घातलंय" म्हणून फसवून खायला घातलंत तर ती घरी जेवणंच बंद करेल.

आणि फराळ. चिवडा, शेव, कडबोळी आपसूक व्हीगन आहेत, चकलीत लोण्याऐवजी गरम तेलाचं मोहन घाला. शंकरपाळ्या दुधाऐवजी पाण्यात साखर विरघळवून आणि तुपाऐवजी तेल घालून होतात, फक्त जरा कमी खुसखुशीत होतात, मोहन थोडं वाढवा. करंजीचं सारण खोबरं-खसखस-पिठीसाखर असं ठेवा, खवा नको, तळणी तेलात. डालडा आणू नका, तूप नको म्हणून वनस्पती तूप हा उपाय तब्येतीला अजून वाईट. अनारशाला जाळीवर तूप लागतंच असं बायका म्हणतात, पण तेलात पण येते जाळी, आच मंद ठेवायची. बेसन लाडू तुपाशिवाय मला तरी कधी जमला नाही, खोबरेल तेलात केला तर वास बेसनावर चढतो, म्हणून त्याचा हट्ट सोडा आणि तिच्यासाठी भाजलेल्या तिळाचे आणि शेंगदाणा-गुळाचे लाडू करा, त्यांना तूप लागत नाही, कॅल्शियम-प्रोटीनची भर होते ती वेगळीच, आणि सासूबाईंचे बेसनाचे लाडू दुसऱ्या डब्यात सुखाने राहू देत.